कुक्स: राजवाडा गेला, रुग्णालय राहिलं

चेक प्रजासत्ताकाच्या ईशान्य भागात लाबे नदीकाठी कुक्स नावाचं एक चिमुकलं गाव आहे. ही लाबे म्हणजे पुढे जर्मनीत एल्बे म्हणून ओळखली जाते ती. नदीच्या डाव्या काठावर एक प्रशस्त दगडी जिना टेकडी चढत जातो. पायऱ्यांच्या कडेनं पाणी खेळवायला पाट केलेले, सगळा थाट राजवाड्याचा. वर पोचलं की राजवाडा मात्र नाही. १८९६ च्या आगीत तो सापडला आणि १९०१ मध्ये त्याचे अवशेषही पाडून टाकले गेले. तिथेच मागं वळून नदीपलीकडं पाहिलं की उजव्या काठावर उंच चौथऱ्यावर एक लांबलचक इमारत दिसते. मधोमध चर्च, दोन्ही अंगांना पसरलेली पाखं, पुढं पुतळ्यांची रांग. ते रुग्णालय, आणि ते जवळजवळ अखंड आहे.

दोन्ही काठ एकाच माणसानं, काउंट फ्रांझ आन्टोन फोन श्पोर्कनं बांधले. पैसा एकच, जहागीर एकच, काळही साधारण तोच. डाव्या काठावर मौज: औषधी पाण्याची स्नानगृहं, नाटकघर, ग्रंथालय, पाहुण्यांची घरं. उजव्या काठावर म्हाताऱ्या, निराधार माणसांसाठी निवारा, आणि त्याच्या पोटात बांधणाऱ्याचं स्वतःचं थडगं. मौजेचा काठ पन्नासेक वर्षंही धड टिकला नाही. दुसऱ्या काठानं मात्र दोनशे वर्षं माणसं सांभाळली. हा फरक कशानं पडला, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. कुक्सबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक पुतळ्यांबद्दल असतं. पुतळे आहेतच तसे. पण माझ्या मते कुक्स वाचलं ते पुतळ्यांमुळे नव्हे. ते वाचलं हिशेबाच्या वह्यांमुळे, आणि त्या वह्या सांभाळणाऱ्या साधूंमुळे.

पैसा कुठला

फ्रांझ आन्टोन फोन श्पोर्क १६६२ मध्ये जन्मला तेव्हा त्याचं घराणं जेमतेम एका पिढीचं होतं. त्याचा बाप योहान हा जर्मनीतल्या वेस्टफालियाचा शेतकऱ्याचा पोर. तीस वर्षांच्या युद्धात शिपाई म्हणून शिरला आणि घोडदळाचा सेनापती म्हणून बाहेर पडला. १६६४ मध्ये तुर्कांविरुद्धच्या सेंट गॉटहार्डच्या लढाईत त्यानं नाव काढलं आणि सम्राटानं त्याला काउंट केलं. युद्धात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, जुन्या सरदारांच्या जमिनी जप्त होऊन नव्या माणसांच्या पदरात पडत होत्या. योहानच्याही पदरात बऱ्याच पडल्या. लढाईआधी त्यानं केलेली प्रार्थना बोहेमियात अजून सांगतात: देवा, आज आम्हाला मदत करायची नसेल तर नको करूस, पण निदान त्या तुर्कांना तरी करू नकोस. खरीखोटी देव जाणे, पण माणूस कसा होता ते तिच्यातून कळतं.

बाप १६७९ मध्ये गेला. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. हातात अफाट पैसा, आणि जुन्या घराण्यांच्या नजरेत मात्र हा कालपरवाचा. श्पोर्कचं पुढचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींच्या ओढाताणीत गेलं असं मला वाटतं. तरुणपणी त्यानं पॅरिसमध्ये शिकारीचं शिंग ऐकलं आणि आपल्या दोन नोकरांना तिथं ठेवून ते वाजवायला शिकवलं. बोहेमियात पुढं हॉर्न वाजवणाऱ्यांची जी मोठी परंपरा झाली तिचं मूळ तिथं सांगतात. १६९५ मध्ये त्यानं संत हुबर्टच्या नावानं शिकारी सरदारांचं मंडळ काढलं, आणि १७२३ मध्ये खुद्द सम्राट सहावा कार्ल त्याचा सभासद झाला. त्यानं इटालियन ऑपेराची मंडळी आणली, छापखाना चालवला, फ्रेंच धर्मग्रंथांची जर्मन भाषांतरं करून घेतली. आणि खटले भरले. शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवर, वकिलांवर. श्पोर्कच्या चरित्रात कोर्टकचेरीचा भाग इतका मोठा आहे की या माणसाला बांधकामाला वेळ कधी मिळाला याचं नवल वाटतं.

दोन काठ, एक रेघ

कुक्सच्या डोंगराळ काठावर खनिज पाण्याचे झरे होते. १६९४ च्या सुमारास प्रागच्या वैद्यांकडून त्यानं ते पाणी तपासून घेतलं आणि लगोलग स्नानगृहं उभी राहू लागली. औषधी पाण्याचं ठिकाण काढायचं म्हणजे त्या काळात सरदारांचा मेळा भरवायचा. पाणी पिणं हे निमित्त. खरा कार्यक्रम संगीताचा, नाटकांचा, जुगाराचा, ओळखीपाळखीचा. कुक्समध्ये हे सगळं होतं. नदीकाठच्या सपाट भागात घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं आणि त्याच्या कडेनं बुटक्या माणसांचे दगडी पुतळे मांडलेले होते, चेहरे वेडेवाकडे, जिवंत माणसांची टर उडवणारे.

या जागेचा खरा चमत्कार तिच्या मांडणीत आहे. राजवाड्यापासून एक सरळ रेघ काढा. ती जिन्यावरून खाली येते, नदी ओलांडते, मैदानातून जाते, समोरचा चौथरा चढते आणि चर्चच्या दारात पोचते. तिथून आत, आणि मग खाली, दफनघरात. राजवाड्याच्या खिडकीत उभ्या राहिलेल्या पाहुण्याला समोर काय दिसायचं? आपल्या मेजवानीच्या नेमकं समोर, डोळ्यांच्या रेषेत, म्हाताऱ्यांचं घर आणि थडगं. बरोक काळातल्या धार्मिक माणसाला ही जोडी विचित्र वाटत नसे. मजा करा, पण शेवट कुठं आहे ते दिसत राहू द्या. श्पोर्कनं हे प्रवचनात सांगितलं नाही, जमिनीवर आखून ठेवलं.

इमारत

रुग्णालयाचा आराखडा योवान्नी बात्तिस्ता आल्लिप्रांदीचा. हा इटालियन वास्तुकार प्रागमध्ये चांगला मुरलेला होता. प्रागमध्ये आज जर्मन वकिलात आहे तो लोब्कोविट्स राजवाडाही त्याचाच. बांधकाम १७०७ मध्ये सुरू झालं आणि पिएत्रो नेतोला या गवंड्यांच्या मुकादमाच्या हाताखाली साधारण १७१६-१७ पर्यंत चाललं.

आल्लिप्रांदीनं केलेली मुख्य गोष्ट म्हणजे त्यानं पवित्र त्रैक्याचं चर्च इमारतीच्या मधोमध, दर्शनी बाजूला पुढं काढलं आणि राहण्याची पाखं त्याच्या दोन्ही बाजूंना लावली. हे दिसायला साधं आहे, पण विचार करण्यासारखं आहे. मठांमध्ये चर्च बहुधा एका बाजूला असतं आणि राहण्याच्या इमारती त्याच्या आडोशाला. इथं चर्च म्हणजे मणका आहे. डावीकडच्या म्हाताऱ्याला आणि उजवीकडच्या साधूला प्रार्थनेला जायचं अंतर सारखंच. आणि चर्चच्या खाली दफनघर, म्हणजे इमारतीतल्या प्रत्येकाचं जगणं श्पोर्क घराण्याच्या हाडांच्या भोवती. दानशूरपणा आणि अहंकार एकाच पायावर किती सहज उभे राहू शकतात ते इथं दगडात दिसतं. त्या काळच्या अशा दानांमध्ये आश्रितांनी दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणं गृहीतच असे. श्पोर्कनं त्या प्रार्थनेला पत्ताही देऊन ठेवला.

योजना शंभर माणसांची होती. शंभर पुरुष: म्हातारे शिपाई आणि त्याच्या जहागिरीतले हातपाय थकलेले रयत लोक. बायकांना जागा नव्हती. सगळ्या दुनियेसाठीही ही सोय नव्हती, आपल्या माणसांसाठी होती. युद्धात कमावलेल्या पैशातला काही भाग युद्धात झिजलेल्या माणसांकडं परत गेला, असा अर्थ त्यातून काढता येतो. श्पोर्कच्या मनात तो होता की नाही ते आपण सांगू शकत नाही, पण सेनापतीच्या मुलानं म्हाताऱ्या शिपायांची आठवण ठेवली एवढं खरं.

ब्राउनचे दगड

माथियास बेर्नार्ड ब्राउन १६८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या तिरोल भागात जन्मला. १७१० मध्ये प्रागच्या कार्ल पुलावर त्यानं संत लुइटगार्डचा पुतळासमूह केला आणि पंचविशीतच त्याचं नाव झालं. क्रुसावरचा ख्रिस्त आंधळ्या संन्यासिनीकडं वाकतो आहे, असा तो देखावा. लवकरच, १७१२ च्या सुमारास, श्पोर्कनं त्याला कुक्सला आणलं. पुढं या दोघांची जोडी जवळजवळ आयुष्यभर टिकली. मरणही जवळजवळच आलं: ब्राउन १७३८ च्या फेब्रुवारीत गेला, श्पोर्क त्याच वर्षी ३० मार्चला.

रुग्णालयासमोरच्या चौथऱ्यावर ब्राउननं आणि त्याच्या कार्यशाळेनं आधी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली आठ धन्यवचनं माणसांच्या रूपात उभी केली, आणि त्यांच्या मध्ये धर्माची मूर्ती. मग १७१८ ते १७२० च्या सुमारास ती प्रसिद्ध रांग आली. एका पाखासमोर बारा सद्गुण, दुसऱ्यासमोर बारा दुर्गुण. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक देवदूत: सद्गुणांपाशी सुखाच्या मृत्यूचा, दुर्गुणांपाशी शोकाच्या मृत्यूचा. बहुतेक सगळ्या आकृत्या बायकांच्या. श्रद्धा, आशा, प्रेम, संयम, न्याय एकीकडं. गर्व, कंजूषपणा, हेवा, खादाडपणा, राग, आळस दुसरीकडं.

जवळ जाऊन पाहिलं तर एक गंमत कळते. सद्गुण सुंदर आहेत, पण नजर खिळते ती दुर्गुणांवर. गर्व आरशात पाहतो आहे, पायाशी मोर. खादाडपणाच्या पायाशी डुक्कर. कापड असं फडफडतं की वारा दगडाच्या आतून आल्यासारखा वाटतो. एक पाय पुढं, कंबर एका बाजूला, मान उलट्या दिशेला, सगळं शरीर पिळवटलेलं. ब्राउनला स्थिर उभं असलेलं माणूस करायला आवडतच नसावं. सद्गुणाला शांतपणा शोभतो, म्हणून तिथं त्याला हात आखडता घ्यावा लागला. दुर्गुणात त्याला मोकळं रान मिळालं. शिवाय हे दुर्गुण कुणासमोर उभे होते? आत राहणाऱ्या थकल्याभागल्या म्हाताऱ्यांना खादाडपणाची किंवा श्रीमंती गर्वाची काय भीती? ते पुतळे नदीपलीकडच्या राजवाड्यातल्या पाहुण्यांसाठी होते, असं मला वाटतं. मेजवानी संपवून फेरफटका मारायला पूल ओलांडून आलं की आपणच आपल्याला दिसावं.

दगड वालुकाश्म आहे. नुकताच खाणीतून निघालेला वालुकाश्म कोरायला सोपा, म्हणूनच ब्राउनला कापडाच्या इतक्या चुण्या त्यातून काढता आल्या. पण तोच दगड पाणी शोषतो. थंडीत आत मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. आधी बोटं जातात, नाकं जातात, मग चेहऱ्यावरचा भाव जातो. म्हणून मूळ पुतळे विसाव्या शतकात इमारतीच्या आत नेले गेले आणि बाहेर प्रतिकृती आल्या. आत, छताखाली, डोळ्यांच्या उंचीवर मूळ पुतळे पाहताना छिन्नीचे घाव दिसतात. पण खालून वर पाहायचा अंश हरवतो, नदी हरवते, समोरचा काठ हरवतो. बाहेर जागा खरी आणि दगड नवा, आत दगड खरा आणि जागा परकी. या पेचावर कुणाकडेच सोपा उपाय नाही आणि कुक्सनं निवडलेला मार्ग मला तरी योग्य वाटतो.

दोन तपांहून जास्त रिकामं

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. इमारत १७१६-१७ च्या सुमारास उभी राहिली. रुग्णालय सुरू झालं १७४४ मध्ये. मधली दोन तपांहून जास्त वर्षं ती भव्य वास्तू जिच्यासाठी बांधली त्या कामाविना होती. चर्च होतं, दफनघर होतं, बाहेर सद्गुण-दुर्गुण उभे होते. ज्या शंभर जणांसाठी हा खटाटोप, ते मात्र नव्हते.

याचा दोष श्पोर्कच्या स्वभावालाच द्यावा लागतो. दरम्यान त्यानं शेजारच्या झिरेच गावातल्या जेझुइटांशी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाशी, उभा दावा मांडला होता. जमिनीवरून सुरू झालेलं भांडण धर्मावर गेलं. श्पोर्कच्या ग्रंथालयात संशयास्पद पुस्तकं आहेत, तो छापतोही तसलीच, अशा तक्रारी वर पोचल्या. १७२९ मध्ये कुक्सवर सैनिक आले आणि ग्रंथालय उचलून घेऊन गेले. पाखंडाचा खटला उभा राहिला आणि अनेक वर्षं चालला. श्पोर्क तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. ज्यानं चर्च बांधलं, धर्मग्रंथ छापले, त्यालाच पाखंडी ठरवण्याचा घाट घातला गेला. हा अन्याय होता, पण आगीत तेल ओतायचं काम त्यानंही कधी थांबवलं नव्हतं.

तो गेल्यावर दोनच वर्षांनी, २२ डिसेंबर १७४० ला लाबेला प्रचंड पूर आला. डाव्या काठाच्या पायथ्याशी, पाण्याच्या पातळीला लागून असलेली स्नानगृहं आणि बाकीच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. राजवाडा वर होता म्हणून राहिला, पण ज्या कारणासाठी तो बांधला ते कारण वाहून गेलं. आणि कुणी ते पुन्हा उभारलं नाही. पुरानं स्नानगृहं बुडवली हे खरं, पण ती बुडलेलीच राहिली ती श्पोर्क नव्हता म्हणून. असं ठिकाण यजमानावर चालतं. निमंत्रणं कोण धाडणार, ऑपेराचे पैसे कोण देणार, नवीन गप्पा कोण पिकवणार? यजमान गेला की पाहुणे दुसऱ्या पाण्याच्या गावाला, कार्ल्सबादला जातात.

उजव्या काठाची गोष्ट निराळी निघाली. श्पोर्कनं रुग्णालयासाठी निधी करून ठेवला होता आणि त्याला ह्रादिश्ते जहागिरीचं उत्पन्न जोडून दिलं होतं. आपल्याकडं देवस्थानाला गावं इनाम लागत आणि त्या गावांच्या वसुलीतून दिवाबत्ती, नैवेद्य चाले, तशीच ही व्यवस्था: जमीन, जंगल, शेत यांतून दरसाल पैसा येणार आणि तो म्हाताऱ्यांच्या पोटापाण्यावर खर्च होणार. श्पोर्कची थोरली मुलगी एलेओनोरा संन्यासिनी झाली आणि बापाआधीच वारली. धाकटी आना काथारिना आणि तिचा नवरा फ्रांझ कार्ल रुडोल्फ स्वेर्ट्स, ज्यानं पुढं स्वेर्ट्स-श्पोर्क असं जोडनाव घेतलं, यांनी ती व्यवस्था मार्गी लावली. १७४३ मध्ये सेंट जॉन ऑफ गॉड संघाचे साधू कुक्सला आले आणि दुसऱ्या वर्षी रुग्णालय उघडलं. बापाला जे जमलं नाही ते मुलीनं आणि जावयानं करून दाखवलं, आणि त्यांचं नाव कुक्सच्या गोष्टीत कुणी फारसं घेत नाही.

डाळिंब

हा संघ रुग्णसेवेचाच. सेंट जॉन ऑफ गॉड पोर्तुगालमध्ये जन्मला आणि १५५० मध्ये स्पेनच्या ग्रानादात वारला. तिथं त्यानं गरिबांसाठी रुग्णालय काढलं होतं. त्याच्या अनुयायांच्या संघाला १५७२ मध्ये पोप पाचव्या पायसनं मान्यता दिली. बाकी साधूंची तीन व्रतं असतात, यांचं चौथं: आजाऱ्याची सेवा. आजच्या चेक भूमीत ते १६०५ मध्ये फेल्ड्सबेर्ग, म्हणजे आजचं वाल्तित्से, इथं आले, मग १६२० मध्ये प्रागला. कुक्सला येईतोवर त्यांच्या गाठीशी शतकाहून अधिक काळाचा अनुभव होता: रुग्णांच्या नोंदी कशा ठेवायच्या, शस्त्रक्रिया कोण करणार, भटारखाना कसा चालवायचा, औषधं कुठून येणार.

औषधं त्यांनी स्वतःच बनवली. कुक्सचं औषधालय 'डाळिंब' या नावानं ओळखलं जातं, कारण डाळिंब हे या संघाचं चिन्ह. आत शिरलं की लाकडी मांडण्या, ओळीनं लावलेल्या बरण्या आणि डबे, त्यांवर औषधांची नावं, खाली छोटे छोटे खण, मध्ये औषधं तोलून द्यायची मेज. आजूबाजूच्या गावांतले लोकही इथून औषध नेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते चालू होतं, म्हणून त्याची मूळ मांडणी जागच्या जागी टिकली आहे. आज प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाच्या ह्रादेत्स क्रालोवे इथल्या औषधनिर्माणशास्त्र विद्याशाखेचं संग्रहालय याच इमारतीत आहे, आणि मागच्या बागेत वनौषधींचे वाफे पुन्हा घातले आहेत.

दुसरीकडं, रुग्णालयाच्या मार्गिकेत मृत्यूच्या नृत्याची चित्रं आहेत, पन्नासेक प्रसंग. हाडांचा सापळा येतो आणि पोपला, राजाला, व्यापाऱ्याला, भिकाऱ्याला, बाळाला हाताला धरून घेऊन जातो. श्पोर्कच्या पदरी असलेला न्यूरेनबर्गचा कोरीवकाम करणारा मिखाएल राइन्त्स यानं याच विषयावर छापायची चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली होती. तो १७५८ मध्ये कुक्सलाच वारला. ही भिंतीवरची चित्रं मागाहून चुन्याखाली गेली आणि जीर्णोद्धारात पुन्हा उजेडात आली. ती झाकली का गेली असावीत, ते समजायला फार ताण द्यावा लागत नाही. ज्याला रोज सकाळी त्या मार्गिकेतून खाटेवरून जेवणघरापर्यंत जायचंय, त्याला दर चार पावलांवर सापळा दाखवणं ही दात्याची हौस झाली, रुग्णसेवा नव्हे. चुना मारणाऱ्याला कलेची कदर नसेल, पण म्हाताऱ्यांची होती.

मग कुक्स का टिकलं

पहिलं कारण साधं: जागा. रुग्णालय उंच चौथऱ्यावर आहे, स्नानगृहं पाण्याला लागून होती. पूर त्यांच्यात भेद करणारच. पण जागेनं फक्त एका रात्रीचा प्रश्न सोडवला. पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न पैशानं आणि माणसांनी सोडवला. श्पोर्कनं आपल्या मालमत्तेतला एक तुकडा स्वतःपासून तोडून संस्थेला दिला. वारस भांडले, सम्राट बदलले, सत्ता बदलल्या, तरी जमिनीचं उत्पन्न म्हाताऱ्यांकडं येत राहिलं. राजवाडा वारसांचा होता, म्हणून तो वारसांच्या मर्जीवर जगला आणि मेला.

आणि तिसरं, मला सगळ्यात मोठं वाटणारं: चालवणारा संघ. बांधणाऱ्याला इमारत कळते, चालवणाऱ्याला ओली चादर कळते. श्पोर्क ते रुग्णालय स्वतः चालवायला गेला असता तर दोन वर्षांत साधूंशीच खटला झाला असता. त्याच्या मरणानंतर, त्याचा हात नसताना, रुग्णालय सुरू झालं हे रुग्णालयाच्या पथ्यावरच पडलं.

या संघाचा एक धागा आपल्या बाजूलाही आहे. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर, सांता मोनिकाच्या मठाजवळ, सेंट जॉन ऑफ गॉडचा मठ आहे. तो याच संघानं १६८५ मध्ये आजाऱ्यांची सेवा करायला काढला, म्हणजे कुक्सच्या अर्धशतकाहून जास्त आधी. तिथं मात्र व्यवस्था तुटली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ ओस पडला. विसाव्या शतकात ती इमारत पुन्हा उभी केली गेली आणि वृद्धाश्रम म्हणून वापरात आली. जुन्या गोव्याला जाणारे बहुतेक लोक बॉम जीझस आणि से कॅथेड्रल पाहून परततात. जमलं तर ही टेकडी चढून पाहावी. वाटेत सेंट ऑगस्टीनचा पडका मनोराही लागतो.

कुक्सची व्यवस्था तुटली ती १९३८ मध्ये. म्युनिक करारानं हा भाग नाझी जर्मनीत गेला आणि साधू निघून गेले. युद्धानंतर मालमत्ता सरकारजमा झाली, निधी संपला, आणि इमारतीला निरनिराळे वापर चिकटत गेले. २०१३ ते २०१५ मध्ये युरोपियन युनियनच्या पैशातून मोठा जीर्णोद्धार झाला. त्याचंही नाव डाळिंबावरूनच ठेवलं होतं. आज राष्ट्रीय वारसा संस्था तिथला कारभार पाहते. खालच्या उतारावर द्राक्षमळाही पुन्हा लावला गेला आहे.

जवळच्या जंगलात ब्राउननं सरळ खडकातच कोरलेले देखावे आहेत, 'बेथलेहेम' म्हणतात त्यांना: येशूचा जन्म, मेंढपाळ, संन्यासी ओनुफ्रिउस, विव्हळणारी मरिया माग्दालेना. हे पुतळे आत नेता येत नाहीत, कारण ते जमिनीचाच भाग आहेत. शेवाळ, झाडांची मुळं, खडकातून चढणारी ओल, सगळ्यांचा त्यांच्यावर हक्क. अठराव्या शतकाच्या शेवटी योसेफोव्हचा किल्ला बांधताना यातला काही भाग दगडासाठी फोडलाही गेला. २००० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हे नाव आलं. ज्यांच्या मागं ना निधी, ना चालवणारा संघ, त्या कामाची काय गत होते, त्याचा हा पुरावा.

आता उरला एक हिशेब. दगडाच्या दृष्टीनं कुक्सचं प्रकरण यशाचं आहे. पण श्पोर्कचा हेतू दगड नव्हता, सेवा होती, आणि ती कुक्समध्ये आज होत नाही. तिथं तिकीट काढून आत जायचं असतं. ती होते पलीकडं झिरेचमध्ये. जेझुइटांच्या त्या जुन्या जागेत आज मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी निवासी काळजीघर चालतं, हालचाल गमावलेल्या माणसांना तिथं वर्षानुवर्षं सांभाळलं जातं. ज्यांच्याशी उभा जन्म भांडला त्यांच्याच आवारात आपलं काम चालू आहे हे श्पोर्कला कळलं असतं, तर त्यानं नक्कीच वकील बोलावला असता.